फ्रेंच सब्जंक्टिव्हचा अपूर्णभूत : एका क्रियारूपाचा इतिहास

एखादे व्याकरणिक रूप बोलण्यातून गेले की ते मृत झाले, असे आपण सामान्यतः मानतो. फ्रेंच क्रियापदाच्या सब्जंक्टिव्हमधील अपूर्णभूताचा इतिहास या समजुतीला छेद देतो. आज फ्रान्समध्ये हे रूप सहज संभाषणात जवळजवळ ऐकू येत नाही. तथापि छापील गद्यात ते टिकून आहे, आणि ते जेथे येते तेथे केवळ काळाचा निर्देश करून थांबत नाही. बोलीतून निवृत्त झाल्यानंतरच त्याला स्वतंत्र वाङ्मयीन आणि सामाजिक अर्थ प्राप्त झाला. म्हणूनच त्याचा इतिहास हा जितका व्याकरणाचा विषय आहे, तितकाच तो कथनमीमांसेचाही विषय ठरतो.

सब्जंक्टिव्ह हा क्रियापदाचा अर्थ मराठीतील विध्यर्थाच्या आसपासचा होय. इच्छा, भीती, संशय, आवश्यकता अशा भावांना अधीन असलेल्या गौण वाक्यात तो येतो. 'तो यावा अशी माझी इच्छा आहे' आणि 'तो यावा अशी माझी इच्छा होती' या दोन मराठी वाक्यांत 'यावा' हे रूप बदलत नाही. काळाचा भेद मुख्य वाक्यातील क्रियापदच दाखवते. अभिजात फ्रेंचचा दंडक मात्र असा की, मुख्य क्रियापद भूतकाळी असेल तर गौण क्रियापदानेही सब्जंक्टिव्हच्या वर्तमानातून अपूर्णभूतात गेले पाहिजे. यालाच 'काळांची संगती' म्हणतात. अर्थबोधाच्या दृष्टीने ही संगती बहुतेक ठिकाणी द्विरुक्तीच असते, कारण काळ आधीच कळलेला असतो. या रूपाचे पुढील भवितव्य समजून घेण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

रूपसिद्धीचा नियम दिसायला सोपा आहे. 'पासे सँप्ल' म्हणजे साध्या भूतकाळाचे द्वितीय पुरुषी एकवचन घ्यावे आणि त्यावर सब्जंक्टिव्हचे प्रत्यय चढवावेत. 'पार्ले' म्हणजे बोलणे; त्याच्या साध्या भूतकाळातील 'पार्ला' या रूपापासून 'पार्लास', 'पार्लासियों', 'पार्लासिए' ही रूपे होतात. 'असणे' या क्रियापदाचे 'फ्यूस', 'येणे' या क्रियापदाचे 'व्हँस'. मुळाकडे पाहिले तर हे रूप लॅटिनच्या अपूर्णभूतापासून आलेलेच नाही. 'अमारेम्' हे लॅटिन अपूर्णभूताचे रूप फ्रेंचने टाकून दिले. त्याची जागा 'अमाविस्सेम्' या पूर्णभूताच्या, पुढे 'अमास्सेम्' असे आकुंचित झालेल्या, रूपाने घेतली. म्हणजे आज ज्याला अपूर्णभूत म्हणतात ते जन्मतःच दुसऱ्या काळाच्या जागी बसलेले रूप आहे.

तृतीय पुरुषी एकवचनाची कथा वेगळी आहे. तेथील 'स' उच्चारातून लुप्त झाला, पण लेखनात दीर्घकाळ राहिला. फ्रेंच अकादमीच्या कोशाच्या 1740 च्या तिसऱ्या आवृत्तीने असे अनेक मूक 'स' काढून त्यांच्या जागी स्वरावर छत्रीसारखे 'सिर्कोंफ्लेक्स' हे चिन्ह दिले. परिणामी 'तो होता' या अर्थाचे साध्या भूतकाळातील 'फ्यू' आणि 'तो असावा' या अर्थाचे सब्जंक्टिव्हमधील 'फ्यू' यांचा उच्चार आज एकच आहे; भेद फक्त डोळ्यांना दिसतो. 1990 च्या लेखनसुधारणेने 'इ' आणि 'यू' या स्वरांवरील हे चिन्ह बऱ्याच शब्दांत ऐच्छिक केले, पण या क्रियारूपांत ते राखले. कारण येथे ते केवळ लुप्त व्यंजनाचे स्मारक नसून अर्थभेदाचा एकमेव आधार आहे.

या रूपाच्या ऱ्हासाचे कारण त्याच्या क्लिष्टतेत शोधण्याची प्रथा आहे. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. त्याच लॅटिन रूपापासून निघालेले सब्जंक्टिव्ह स्पॅनिश आणि इटालियन भाषांत आजही बोलले जाते. फरक आधाराचा आहे. स्पॅनिशमध्ये हे रूप साध्या भूतकाळाच्या अंगावर उभे आहे, आणि तो काळ तेथे जिवंत आहे. इटलीच्या उत्तर भागात साधा भूतकाळ बोलीतून मागे हटला आहे, पण तेथील सब्जंक्टिव्ह बहुतांश त्यावर अवलंबून नाही : 'मी आलो' हे 'व्हेन्नी', तर सब्जंक्टिव्हमध्ये 'व्हेनिस्सी'. फ्रेंचमध्ये मात्र दोहोंचे अंग एकच. 1660 च्या पोर-रॉयाल व्याकरणात साध्या भूतकाळाचा उपयोग आजच्या दिवसाबाहेरच्या घटनांपुरता मर्यादित केलेला दिसतो. पुढे संयुक्त भूतकाळाने बोलीतील त्याचे उरलेसुरले क्षेत्रही व्यापले. बोलणाऱ्याच्या जिभेवरून 'पार्ला' गेल्यावर 'पार्लास' घडवायचे कशावरून? आधार खचला, आणि मुळात द्विरुक्त असलेले रूप निराधार झाले.

नेमक्या याच काळात शाळेने त्याला आश्रय दिला. नोएल आणि शाप्साल यांचे 1823 चे व्याकरण आणि त्याच्या वळणाची पाठ्यपुस्तके यांतून काळांची संगती हा शुद्धतेचा निकष बनला. 1881 व 1882 च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण विनामूल्य आणि सक्तीचे झाले, तेव्हा ज्या मुलांच्या घरी हे रूप कधीच ऐकू येत नव्हते त्यांचीही परीक्षा त्यावर होऊ लागली. शासनाला तडजोड करावी लागली. 26 फेब्रुवारी 1901 च्या आदेशाने, मुख्य क्रियापद संकेतार्थाच्या वर्तमानात असता गौण वाक्यात सब्जंक्टिव्हचा वर्तमान चालवून घ्यावा, असे ठरले. 28 डिसेंबर 1976 च्या आदेशाने ही सवलत मुख्य क्रियापद भूतकाळी असतानाही दिली. दोन आदेशांमध्ये पाऊण शतकाचे अंतर आहे. बोली मात्र या दोहोंच्याही पुढे निघून गेली होती.

जे रूप घरातून मिळत नाही, केवळ शाळेतून मिळते, ते वर्गचिन्ह बनते. आणि वर्गचिन्हाचा अभिमान आणि उपहास एकाच वेळी सुरू होतात. आल्फाँस आले यांच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या एका विनोदी प्रेमकवितेतील सारी गंमत '-आसिए' या प्रत्ययाच्या ध्वनीवर उभी आहे. फ्रेंच नामांत 'आस' हा प्रत्यय हीनत्वदर्शक आहे, याचाही या हास्याला हातभार लागतो. वसाहतींत हा विनोद राहत नाही. फ्रान्त्झ फानों यांनी 1952 मध्ये 'काळी त्वचा, गोरे मुखवटे' या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात भाषेचा प्रश्न घेतला : फ्रेंचवर जितके प्रभुत्व, तितकी गोरेपणाशी जवळीक, अशी ती व्यवस्था. सेनेगालचे लेओपोल्द सेदार सेंघोर 1935 मध्ये व्याकरण या विषयातील 'आग्रेगासियों' ही सर्वोच्च अध्यापन-परीक्षा उत्तीर्ण झाले आणि 1983 मध्ये अकादमीवर निवडले गेले. व्याकरण हे तेथे ज्ञान होते, तसेच प्रवेशपत्रही होते.

वाङ्मयातील प्रश्न याहून सूक्ष्म आहे. आजच्या गद्यात या रूपाचे सर्व पुरुष सारखे टिकलेले नाहीत. 'पार्लासियों' आणि 'पार्लासिए' ही प्रथम व द्वितीय पुरुषाची अनेकवचने हास्यास्पद वाटतात. तृतीय पुरुषी 'फ्यू' मात्र सहज खपून जाते. याचे एक कारण ध्वनीत आहे, कारण कानाला ते साध्या भूतकाळापेक्षा वेगळे वाटत नाही. दुसरे कारण एमिल बेनव्हेनिस्त यांच्या विवेचनाच्या आधारे मांडता येते. 1946 च्या लेखात त्यांनी 'मी' आणि 'तू' यांपासून तृतीय पुरुष वेगळा काढला. तो संवादात हजर नसलेल्याचा, म्हणजे पुरुषच नसलेला पुरुष. 1959 च्या लेखात त्यांनी फ्रेंच भूतकाळांची 'इतिहास' आणि 'भाषण' अशी दोन व्यवस्थांत विभागणी केली आणि साधा भूतकाळ व तृतीय पुरुष यांना पहिल्या व्यवस्थेत ठेवले. सब्जंक्टिव्हच्या अपूर्णभूताने साध्या भूतकाळाचे अंग घेतले, तसे त्याचे भाग्यही घेतले. जेथे कोणी कोणाशी बोलत नाही, फक्त घटना सांगितल्या जातात, तेथेच ते जगले.

रोलाँ बार्त यांनी 1953 मध्ये साध्या भूतकाळाला कादंबरी या संस्थेची खूण मानले. आल्बेर काम्यू यांनी 1942 च्या 'परका' या कादंबरीत निवेदकाला मुख्यतः संयुक्त भूतकाळात बोलते केले, तेव्हा त्यांनी हीच खूण नाकारली. रेमों केनो यांच्या 'झाझी दाँ ल मेत्रो' (1959) या कादंबरीचे पहिलेच वाक्य उच्चाराबरहुकूम लिहिलेल्या रस्त्यावरच्या बोलीने सुरू होते आणि लगेच निवेदकाच्या साध्या भूतकाळाशी येऊन मिळते. त्या एका वाक्यात दोन भाषा शेजारी बसतात. अशा संहितेत क्रियारूप कोणता काळ सांगते यापेक्षा ते कोणाच्या आवाजात आले आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. हे रूप सामान्य पात्राच्या तोंडी आले तर तो मुखवटा, निवेदकाच्या तोंडी आले तर तो संस्थेचा आवाज.

मराठी अनुवादकाची खरी अडचण येथे उभी राहते. 'तो यावा अशी तिची इच्छा होती' हा अनुवाद अर्थाने पूर्ण असतो. पण मूळ वाक्य संगती पाळणारे होते की मोडणारे, हे त्यातून कळत नाही. मराठीत अशा स्तरभेदाची जाणीव नाही असे नव्हे. 'तो येई, बसे, बोले' हा रीतिभूतकाळ प्रमाण बोलीत 'यायचा, बसायचा' यांना जागा देऊन बव्हंशी लेखनात उरला आहे, आणि तोही प्रामुख्याने कथनाच्या तृतीय पुरुषात. त्याचा अर्थ वेगळा असल्याने तो फ्रेंच रूपाचा पर्याय होऊ शकत नाही. परंतु एखादे रूप बोलीतून उतरून कथनात कसे स्थिरावते, हे मराठी वाचकाला त्यावरून आपल्याच भाषेत पडताळता येते.

सब्जंक्टिव्हच्या अपूर्णभूताला शुद्धतेचे प्रतीक मानणारे आणि जुनाट अलंकार मानणारे, दोघेही त्याला एकच स्थिर मूल्य बहाल करतात. त्याचा इतिहास तसे मूल्य देत नाही. लॅटिनमध्ये ते एका काळाचे रूप होते, अभिजात फ्रेंचमध्ये संगतीचा नियम होते, शाळेत चाळणी झाले आणि आधुनिक कादंबरीत आवाजाची खूण झाले. संहितेतील 'फ्यू'वरील ते छोटेसे चिन्ह वाचताना यांपैकी कोणता थर तेथे कार्यरत आहे, हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते. आणि व्याकरणाचे काम संपून समीक्षेचे काम सुरू होते ते याच ठिकाणी.