सीमेपलीकडची सोडत : रत्नागिरीचा पैसा, गोव्याची लॉटरी आणि दिल्लीचे बक्षीस रोखे

१/ डिसेंबर १९६१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला परका मुलूख सुरू होत असे. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीतच मोडत होता. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर, म्हणजे शिरोडा-रेडीच्या अंगाला. तरीही त्यावर निशाण पोर्तुगालचे. त्या निशाणाखाली लॉटरी हे पुण्यकर्म होते आणि सीमेच्या या बाजूला बिनपरवाना लॉटरी हा गुन्हा होता. #इतिहास #धागा

२/ पुण्यकर्म कसे? १७८३ मध्ये राणी मारिया पहिली हिने लिस्बनच्या ‘सांता काझा दा मिझेरिकॉर्दिया’ या धर्मादाय संस्थेस लॉटरी चालवण्याची अनुमती दिली. हेतू असा की, उत्पन्नातून रुग्ण आणि अनाथ यांची सोय व्हावी. गोव्यातही याच नावाची संस्था होती आणि तिचीही लॉटरी निघत असे.

३/ ब्रिटिश हिंदुस्थानात चित्र उलट होते. १८४४ च्या कायद्याने सरकारमान्य नसलेल्या लॉटऱ्यांवर बंदी आली. १८७० मध्ये भारतीय दंडविधानात कलम २९४-अ घालण्यात आले. त्यात शिक्षा दोघांना : सोडतीचे कार्यालय चालवणाऱ्याला आणि तिची जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्याला. तिकीट विकत घेणाऱ्याचा मात्र त्या कलमात उल्लेखच नाही.

४/ मग सोडत परमुलखात असेल तर? १८८५ मध्ये हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. परदेशी लॉटरीची जाहिरात येथील वृत्तपत्रात छापणे हाही गुन्हाच, असा निर्णय झाला. रत्नागिरी जिल्हा याच न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात होता. चिठ्ठी कुठेही निघो, पैसा येथून जाऊ नये, हा त्या निर्णयाचा व्यावहारिक अर्थ.

५/ स्वातंत्र्यानंतर दुसरा अडसर आला. १९४७ च्या परकीय चलन नियमन कायद्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या परवानगीविना देशाबाहेर पैसे पाठवणे निषिद्ध झाले. १९५५ मध्ये गोव्याची सीमाच बंद झाली. १९५९ पासून तर तेथे रुपयाऐवजी एस्कुदो हे नाणे चालू लागले.

६/ अडचण केवळ परदेशाची नव्हती. बंगळूरला छापले जाणारे ‘स्पोर्टिंग स्टार’ हे पत्र शब्दकोड्यांच्या बक्षीसस्पर्धा भरवी आणि मुंबई राज्यातून प्रवेशशुल्क गोळा करी. मुंबई राज्याने त्यावर नियंत्रण व कर लादला. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याची बाजू उचलून धरली : जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण मिळणार नाही.

७/ नेमक्या याच काळात बक्षिसाचा एक नवा प्रकार जन्मला. १९५६ च्या अर्थसंकल्पात हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी ब्रिटनमध्ये ‘प्रीमियम बॉण्ड’ जाहीर केले. पहिली सोडत जून १९५७ मध्ये निघाली. पाठोपाठ १९६० मध्ये पाकिस्तानने प्राइज बॉण्ड काढले. त्याच वर्षी मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना भारतानेही पाच वर्षे मुदतीचे बिनव्याजी बक्षीस रोखे काढले. किंमत ५ रुपये आणि १०० रुपये.

८/ फरक समजून घेण्याजोगा आहे. लॉटरीच्या पाच रुपयांच्या तिकिटाला बक्षीस लागले नाही, तर पाचही रुपये बुडतात. पाच रुपयांच्या रोख्यात मुद्दल मुदतीअंती परत मिळते. पणाला लागते ते फक्त व्याज : सर्वांचे व्याज एकत्र करून ते थोड्यांना वाटले जाते. गिरणगावातून येणाऱ्या मनीऑर्डरवर चूल पेटणाऱ्या कोकणातल्या घराला मुद्दल शाबूत राहणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

९/ तरीही बक्षीस रोखे निर्धोक नव्हते. मुदतीच्या पाच वर्षांत महागाई वाढली की परत येणाऱ्या मुद्दलाची किंमत घटते. त्यावर व्याजही नाही. ज्याला बक्षीस लागले नाही, त्याने सरकारला फुकट कर्ज दिले, असाच हिशेब उरतो.

१०/ पुढे राज्यांनीच लॉटऱ्या काढल्या : केरळने १९६७ मध्ये, महाराष्ट्राने १९६९ मध्ये. मग शेजारी राज्यांच्या तिकिटांचा तंटा उभा राहिला. १९९८ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना इतर राज्यांच्या लॉटऱ्या रोखण्याचा अधिकार दिला; स्वतःची लॉटरी चालवणाऱ्या राज्याला मात्र तो वापरता येत नाही, असे १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. परदेशी लॉटरीच्या तिकिटांसाठी पैसे पाठवण्यास २००० च्या परकीय चलन नियमांनी मनाई केली. ती आजही कायम आहे.

११/ दीड शतकाच्या या इतिहासात नीतीची भाषा सर्वांनी वापरली. पण परवानगी कोणाला आणि बंदी कोणाला, हे बहुतेक वेळा एकाच गोष्टीवरून ठरले : बचतदाराचा पैसा शेवटी कोणाच्या तिजोरीत पडतो. म्हणून १९६० मध्ये शिरोड्याच्या माणसाला गोव्याची सोडत निषिद्ध होती आणि हजार मैलांवरच्या दिल्लीची सोडत देशकार्य होती.