जकार्ताचा गोली पुढे कुठे गेला?

२०२४च्या रमजान ईदच्या आठवड्यात ‘मैदान’ चित्रपट लागला. सय्यद अब्दुल रहीम साहेबांवरचा सिनेमा म्हणून आमच्या मोहल्ल्यातले बरेच जण पाहायला आले होते. मी अब्बांना घेऊन गेलो. परतताना रिक्षात सगळी चर्चा रहीम साहेबांची, त्यांच्या कॅन्सरची आणि अजय देवगणच्या सिगारेटची. अब्बा गप्प होते. घर जवळ आल्यावर त्यांनी एकच विचारलं, “वो गोली बाद में किधर गया रे?”

अब्बा स्वतः गोली होते. कापडाच्या गाठोड्यांवर बसून हिशेब लिहिणारा माणूस रविवारी गोलपोस्टमध्ये उभा राहायचा. उजव्या हाताची करंगळी कायमची वाकडी झालेली. हातमोजे नव्हतेच. त्या काळचा चामडी चेंडू पावसात पाणी प्यायचा आणि विटेसारखा जड व्हायचा. त्यामुळे ‘मैदान’मध्ये त्यांचं लक्ष साहजिकच त्या उंच गोलकीपरकडे लागलं होतं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. रहीम साहेबांवर आपण मुसलमान मंडळी अभिमानाने लिहितो, मीही लिहिलं आहे. पण त्यांच्या हाताखाली घडलेल्या माणसांचं पुढे काय झालं, हे मी कधी शोधलं नव्हतं.

त्या गोलीचं नाव पीटर थंगराज. जन्म १९३५चा, तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातला. सिकंदराबादच्या मॉर्निंग स्टार आणि फ्रेंड्स युनियन या क्लबांतून सुरुवात. १९५३ला ते सैन्यात गेले आणि मद्रास रेजिमेंटल सेंटरच्या संघात आले. गंमत अशी की तिथे ते आधी सेंटर फॉरवर्ड होते, गोलकीपर नंतर झाले. गोल मारणारा गोल अडवायला उभा राहिला की त्याला एक गोष्ट आयती मिळते. समोरचा फॉरवर्ड कुठल्या पायावर वजन टाकतोय आणि मारण्याआधी कुठे बघतोय, हे त्याला आतून माहीत असतं. वर सहा फुटांहून जास्त उंची. मद्रास रेजिमेंटल सेंटरने १९५५ आणि १९५८ असा दोनदा ड्युरँड कप जिंकला. १९६०मध्ये थंगराज यांच्या नेतृत्वाखाली सेनादलाने संतोष ट्रॉफीही घेतली.

हैदराबाद-सिकंदराबादची ती माती फुटबॉलची होती. रहीम साहेब मूळचे शाळामास्तर. त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने मुंबईच्या कूपरेज मैदानावर १९५० ते १९५४ सलग पाच वेळा रोव्हर्स कप नेला. राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे आल्यावर १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले, ते तिथेच. त्या संघात दोन गोलकीपर होते, मुंबईतून खेळणारे एस. एस. नारायण आणि वीस वर्षांचे थंगराज. दोन वर्षांनी, १९५८मध्ये थंगराज आशियातले सर्वोत्तम गोलरक्षक ठरले. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारत हंगेरीकडून २-१ असा हरला, फ्रान्सशी १-१ बरोबरीत सुटला आणि पेरूकडून ३-१ हरला. कागदावर ही पराभवाची यादी दिसते. पण ज्या हंगेरीने त्या स्पर्धेत कांस्यपदक घेतलं, तिला एका गोलच्या फरकावर रोखणं आज आपल्याला स्वप्नातही झेपणार नाही.

मग १९६२ची जकार्ता आशियाई स्पर्धा. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं. भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर उघड आक्षेप घेतला आणि जकार्तातले लोक भारतावर चिडले. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यासाठी सेनायन स्टेडियम खच्चून भरलं होतं आणि बहुतेक सगळं आपल्या विरोधात ओरडत होतं. आपल्या बाजूने ओरडणारे थोडे होते, त्यांत पाकिस्तानचा हॉकी संघ होता, ही आठवण त्या संघातल्या खेळाडूंनी पुढे सांगितली आहे.

समोर दक्षिण कोरिया, ज्यांनी साखळीत आपल्याला २-० हरवलं होतं. अंतिम सामन्याआधी गोल प्रद्युत बर्मन सांभाळत होते. उपांत्य फेरी जिंकून आलेल्या संघाचा गोलकीपर सहसा कोणी बदलत नाही. रहीम साहेबांनी बदलला आणि थंगराज यांना उतरवलं. डोक्याला टाके पडलेल्या जर्नैल सिंगला त्यांनी बचावातून काढून पुढे खेळवलं, त्याची गोष्ट सगळे सांगतात, कारण त्याने गोल केला. गोलकीपर बदलण्याची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. पी. के. बॅनर्जी आणि जर्नैल यांनी पहिल्या वीस मिनिटांत दोन गोल केले. त्यानंतर जवळजवळ सगळा सामना ती आघाडी सांभाळण्यात गेला. तेव्हा बदली खेळाडू नव्हते. उतरले ते अकरा शेवटपर्यंत. कोरियाचा एकमेव गोल अगदी शेवटी झाला. भारत २-१. फुटबॉलमध्ये आशियाई सुवर्ण त्यानंतर आपण कधी जिंकलेलं नाही.

नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ला रहीम साहेब गेले.

थंगराज खेळत राहिले. सैन्यातून कलकत्त्यात आले ते आधी मोहम्मडन स्पोर्टिंगकडे. १९३४ ते १९३८ सलग पाच वेळा कलकत्ता लीग जिंकणारा हाच तो क्लब. हिंदुस्थानातल्या मुसलमान घरांत ज्याचं नाव दुवेसारखं घेतलं जायचं, त्याच्या गोलमध्ये पीटर नावाचा माणूस उभा राहिला आणि मैदानाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे मोहन बागान, नंतर ईस्ट बंगाल. कलकत्त्याच्या तिन्ही मोठ्या क्लबांचे पाठीराखे एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. त्या तिघांनीही हा माणूस आपला मानला. १९६६च्या आशियाई स्पर्धेतही ते होते. १९६७ला अर्जुन पुरस्कार मिळाला. १९७१च्या सुमारास खेळणं थांबलं.

अब्बांचा प्रश्न खरं तर इथून पुढचा होता.

थंगराज प्रशिक्षक झाले. गोव्यातल्या वास्को क्लबला त्यांनी शिकवलं. वास्को म्हणजे मुरगाव बंदराचं गाव, जिथे फुटबॉल टिळक मैदानावर होतो. गोव्यालाही जकार्ताची आठवण होती. अंतिम सामन्यातल्या अकरा जणांत गोव्याचे फोर्तुनातो फ्रँको होते, आणि पोर्तुगीज जाऊन तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते. नंतर थंगराज यांनी अलीगढ मुस्लिम विद्यापीठात प्रशिक्षण दिलं. हे वाचून मी थांबलोच. अलीगढ म्हटलं की आपल्याकडे सर सय्यद, शेरवानी, मुशायरे, फार तर हॉकी आठवते. दोन ऑलिंपिक पाहिलेला, आशियातला सर्वोत्तम ठरलेला गोलकीपर तिथल्या पोरांना चेंडू कसा कवटाळायचा ते शिकवत होता, हे माझ्या तरी कानावर आलं नव्हतं. शेवटी ते बोकारोला स्थिरावले, पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, तिथल्या मुलांना शिकवत. २००८च्या नोव्हेंबरमध्ये बोकारोतच त्यांचं निधन झालं.

त्यांचे सहकारी पी. के. बॅनर्जी राष्ट्रीय संघाचे मोठे प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या गोष्टी लोकांना पाठ आहेत. थंगराज यांच्या विद्यार्थ्यांची नावं लिहायला बसलं तर हाताला फारसं काही लागत नाही. मला यात नशिबाचा भाग कमी आणि आपल्या सवयीचा जास्त दिसतो. गोलकीपरचं शहाणपण हाताखाली घ्यावं लागतं. क्रॉसवर कधी बाहेर यायचं, बचावपटूवर कधी ओरडायचं, हे फळ्यावर लिहून येत नाही. रोम आणि जकार्ता पाहिलेल्या माणसाकडे देशभरातले गोली वर्षातून महिनाभर जरी पाठवले असते, तरी ते पुढच्या पिढीत उतरलं असतं. रहीम साहेबांकडे जे होतं तेही असंच. ते गेले, आणि जे त्यांच्या शिष्यांत उरलं होतं, ते ज्याला जिथे नोकरी मिळाली तिथे विखुरलं. नोकरी मिळाली हे बरंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण देशाने ते एकत्र ठेवायचा प्रयत्न केला नाही.

मी हे सगळं अब्बांना सांगितलं. वास्को, अलीगढ, बोकारो. अलीगढवर ते हसले, “मेरे कू मालूम होता तो मैं भी पढ़ने कू गया होता.” अब्बांनीही खेळणं सुटल्यावर दहा-बारा वर्षं मोहल्ल्यातल्या पोरांना शिकवलं होतं. सगळं फुकट, असरच्या नमाजनंतर अंधार पडेपर्यंत. त्यांतला एक आता सौदीत ट्रक चालवतो, एक शाळेत शिपाई आहे. पेनल्टीला आधी झेप घ्यायची नाही, मारणाऱ्याचा टेकलेला पाय बघायचा, हे ते पोरांना सांगायचे. ते त्यांना कोणी शिकवलं, असं मी विचारलं.

“रेडिओ पे सुना होएंगा,” अब्बा म्हणाले आणि करंगळी चोळत बसले.