पोपटी आणि तिचं शेत

पोपटीचा इतिहास सांगायचा म्हटलं की पहिली अडचण येते ती कागदांची. राजेरजवाड्यांच्या मुदपाकखान्यांबद्दल लिहिलेलं सापडतं, पेशवाईतल्या पंगतींची वर्णनं सापडतात. पण थंडीच्या रात्री शेतात मडकं उलटं घालून शेंगा भाजून खाणाऱ्यांनी नोंद तरी कशासाठी ठेवायची? शेंगा आपल्याच, मडकं गावच्या कुंभाराचं, जळण बांधावरचं. जिथे पैसा मोजला गेला नाही तिथे कागदही झाला नाही. हा इतिहास वाचायचा तर शेतातच जावं लागतं. मी तो वाचला नेऱ्याच्या शेतात.

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघालं की गाढी नदीच्या खोऱ्यात नेरे लागतं. कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनाचं काम करणाऱ्या 'शांतिवना'मुळे हे गाव अनेकांना ठाऊक आहे. मला मात्र ते ठाऊक झालं आत्याचं सासर म्हणून. मी शाळेत असताना संक्रांत सरली की तिचा निरोप यायचा, "शेंगा भरल्यात, शनिवारी या." आज रायगड जिल्ह्यात पोपटी म्हटलं की बहुतेकांना मडक्यातली कोंबडी आणि अंडी आठवतात. पण आम्हाला सुटी शनिवारी दुपारनंतर आणि आत्याच्या घरी शनिवार पाळायचे, त्यामुळे आमची पोपटी कायम शाकाहारी. आणि खरं सांगतो, तिच्यात काही कमी आहे असं कधी वाटलं नाही. कोंबडीवाचून पोपटी होते, वालाच्या शेंगांवाचून होत नाही.

ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला अंथरायचा. त्यावर वालाच्या कोवळ्या, भरलेल्या शेंगा, मग वाटण भरलेले बटाटे, छोटी वांगी, कांदे, रताळी, मधूनमधून जाडं मीठ आणि ओवा, पुन्हा शेंगा. वर भांबुर्डा असा गच्च कोंबायचा की मडकं पालथं केलं तरी काही पडू नये. मग ते उलटं ठेवून भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून आग लावायची. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. शेंगांतला आणि पाल्यातला ओलावा हीच वाफ, आणि भांबुर्ड्याचा उग्र वास हाच मसाला. अर्ध्या तासाने आत्या मडक्यावर पाणी शिंपडायची. चर्र आवाज होऊन थेंब उडाले की पोपटी झाली. मग पेपरावर ती ओतायची आणि बोटं भाजत, शेंगा सोलत, शेकोटीभोवती बसून खायची.

त्या मडक्यात इतिहासाचे थरच असतात. सगळ्यात जुना थर वालाचा. या वेलाचं मूळ रानटी रूप आफ्रिकेतलं, पण दक्षिण भारतातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननांत वालाचे जळालेले दाणे मिळाले आहेत. म्हणजे तीन-साडेतीन हजार वर्षं तरी आपण तो खातो आहोत. आणि गंमत पाहा, दाणे जळून कोळसा झाले म्हणूनच ते मातीत टिकले आणि आपल्याला कळले. वांगंही इथलं जुनंच. बटाटा, रताळं आणि वाटणातली मिरची मात्र अमेरिकेतली, पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे पोचलेली. त्याआधी मडक्यात काय असेल? माझा अंदाज कोनफळाचा आणि करांद्यांचा. आमच्या आत्याच्या सासूबाई बटाट्यापेक्षा कोनफळच जास्त घालत. मीठ अर्थात खाडीकाठच्या मिठागरांतलं.

पण हे सारं एकत्र आलं ते भाताच्या शेतामुळे. कोकणात दिवाळीच्या सुमारास भात कापलं की जमिनीत ओल शिल्लक असते. त्या ओलीवर वाल पेरतात. वेगळं पाणी द्यावं लागत नाही. उरलेली ओल आणि पहाटेचं दव यांवर तो वाढतो आणि मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देतो, ते पुढच्या भाताला उपयोगी पडतं. संक्रांतीच्या आगेमागे शेंगा भरतात. तेव्हाच पडीक तुकड्यांवर आणि बांधांवर भांबुर्डा आपोआप उगवलेला असतो आणि भाताचा पेंढा रचलेला असतो. शेंग, पाला आणि जळण एकाच वावरात, एकाच वेळी तयार! कुणा बल्लवाचार्याने शोधून काढावी अशी ही पाककृती नव्हे. शेतानेच ती सुचवली असणार.

१८८२-८३ च्या सुमारास छापलेल्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या गॅझेटियरांत पिकांमध्ये वालाची नोंद आहे. पिकावर सारा असतो, म्हणून पीक नोंदलं जातं. ते कुणी कसं खाल्लं, यावर सारा नसतो. त्या काळाआधी पनवेल हे मुंबई-पुणे वाटेवरचं गजबजलेलं बंदर होतं. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता झाला तेव्हा मुंबईहून होडीने येऊन इथून पुढे पुण्याला जात. मग १८६३ मध्ये घाटातली रेल्वे पूर्ण झाली, ती गेली कल्याण-कर्जतवरून. पनवेलची वर्दळ ओसरली आणि आसपासची खोरी पुढची शंभर वर्षं भाताची आणि वालाचीच राहिली.

शेतातल्या शेंगा सरल्या, की वाळलेले वाल घरात येत. आत्या रात्री ते भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायची, कोमट पाण्यात टाकून सोलायची. मग त्या डाळिंब्यांची ओलं खोबरं, आमसूल आणि गूळ घालून केलेली उसळ, नाहीतर वालाची गरम खिचडी आणि वर तूप. बाहेर गारठा असताना चुलीजवळ बसून ती खिचडी खाण्यातलं सुख पोपटीपेक्षा वेगळं, पण वाल तोच.

पोपटीची सख्खी बहीण मला भेटली वलसाडकडे. तिथे थंडीत महामार्गाच्या कडेला 'उंबाडियुं' मिळतं. पापडीच्या शेंगा, बटाटे, रताळी, कंद, सुगंधी पाला आणि उलटं मडकं. सोबत हिरवी चटणी आणि ताक. सुरतेचं 'उंधियुं' याच कुळातलं. गुजरातीत 'ऊंधुं' म्हणजे उलटं. आता शहरांतून उंधियुं सुलट्या पातेल्यात, तेलात शिजतं. उलटं मडकं गेलं, नावात तेवढं राहिलं. हे कळलं तेव्हा मला नेऱ्याची आठवण आली आणि थोडी धास्तीही वाटली.

कारण आमचं शेतही गेलं आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नवी मुंबई वाढत पनवेलला भिडली. २०१३ मध्ये विमानतळाभोवतीचा 'नैना' प्रकल्प अधिसूचित झाला, त्यात नेऱ्याचा परिसर आला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये विमानतळाचं उद्घाटनही झालं. मधल्या काळात आतेभावाने जमीन विकली. मी त्याला दोष देत नाही. त्या पैशांत मुलीचं शिक्षण झालं, पक्कं घर झालं. थंडीतली एक रात्र गोड व्हावी म्हणून त्याने भातशेतीचा तोटा वर्षानुवर्षं सोसावा, असं मी मुंबईत राहून कोणत्या तोंडाने सांगू?

गेल्या माघात आम्ही पुन्हा जमलो. शेंगा पेणच्या बाजारातून आणल्या, मडकं विकत, पेंढाही विकत. भांबुर्डा मात्र कुठेच विकत मिळेना. शेवटी मिळाला तो पत्रे ठोकून बंद केलेल्या, इमारतीची वाट पाहणाऱ्या एका प्लॉटवर. पोरांनी वॉचमनला विचारून कापून आणला. पोपटी छान झाली. पंच्याऐंशीच्या आत्याने दोन शेंगा खाल्ल्या आणि म्हणाली, "पाण्यावरच्या दिसतात." दवावरची शेंग आणि पाणी पाजलेली शेंग तिला जिभेवर कळते. मला नाही कळली.

दुसऱ्या दिवशी निघताना तिने मला परसात नेलं. भिंतीकडेला वालाच्या दोन ओळी होत्या. विकलेल्या शेतातलं शेवटचं बी तिने राखेत घोळवून डब्यात जपलं आहे. दरवर्षी त्यातलं थोडं पेरते आणि नवं बी पुन्हा डब्यात भरते. दोन ओळींच्या शेंगांत एक मडकंसुद्धा भरत नाही. मग हा खटाटोप कशाला, असं मी विचारलं. ती वाकून एक वाळकी शेंग खुडत म्हणाली, "बी मोडू नये रे."