पाण्याचा अंदाज

‘पाण्याचा अंदाज न आल्याने’ हे चार शब्द वर्तमानपत्रात वाचावे लागले नाहीत, असा उन्हाळा आमच्या जुन्नर-आंबेगावच्या वाट्याला क्वचितच येतो. माणिकडोह, वडज, येडगाव, डिंभे. धरण कोणतेही असो, एखादा तरुण पोहायला उतरतो आणि परत येत नाही. पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि प्रकरण मिटते. कायदाही एवढेच विचारतो की, मृत्यूचे दिसणारे कारण कोणते? १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी संहितेच्या कलम १७४ ची जागा नव्या संहितेच्या कलम १९४ ने घेतली. प्रश्न तोच राहिला. उत्तरही ठरलेले असते : बुडून. ते खोटे नसते. परंतु पाण्याखाली जाणाऱ्या माणसांचा इतिहास चाळताना मला असे दिसले की, त्यांची विद्या पुढे सरकली ती हे उत्तर हाती आल्यावरही चौकशी न थांबवणाऱ्यांमुळे.

एके काळी खोल पाण्यात काम करून सुखरूप वर आलेला माणूस बोटीवर बसल्या बसल्या लुळा पडे, कधी प्राणही सोडी. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन, गोटी सोड्याची बाटली फोडताच उठणाऱ्या बुडबुड्यांसारखा उसळतो, हे पॉल बर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली दाखवले. पुढे जॉन स्कॉट हाल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून, किती खोलीवरून किती थांबे घेत वर यावे याची कोष्टके १९०८ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केली.

त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन आपल्याला अधिक परिचित. ते १९५७ साली भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांच्या नावाशी जोडलेली ‘थेटिस’ची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. १ जून १९३९ रोजी ही नवी ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीसाठी गेली. आत १०३ माणसे होती. वाचली अवघी ४. बाकीच्यांपैकी बहुतेकांचा जीव घेतला तो कोंडलेल्या हवेत साठत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडने. हा वायू माणसाचे काय करतो हे पाहण्यासाठी हाल्डेन आणि त्यांचे काही साथी लंडनमध्ये स्वतःच बंद पेटीत बसले. हे झाले मृत्यूचे कारण. पण पाणी आत शिरले कसे? टॉर्पेडोच्या नळीच्या आतल्या दाराला एक बारीक तोटी असे. ती उघडून पाणी गळते का ते पाहायचे. गळले नाही तर नळी कोरडी समजून दार उघडायचे. त्या तोटीचे भोक रंगकामात बुजून गेले होते. नळीचे बाहेरचे तोंड उघडे, नळी समुद्राने भरलेली, आणि आत थेंबही गळेना. दार उघडले गेले. नव्याण्णव माणसांच्या मृत्यूच्या मुळाशी वाळलेल्या रंगाचा एवढासा गोळा निघाला! त्यानंतर ब्रिटिश पाणबुड्यांत त्या दाराला एक खटका बसवण्यात आला. त्यामुळे दार आधी किंचितच उघडते. त्या खटक्याला ‘थेटिस क्लिप’ असेच नाव पडले.

१९४३ मध्ये कुस्तो आणि गान्याँ यांनी पाठीवरच्या नळकांड्यातून मागणीप्रमाणे हवा देणारे यंत्र तयार केले, आणि समुद्राचा तळ हौशी माणसाला खुला झाला. पाठोपाठ अपघातही आले. फ्लोरिडातील पाण्याने भरलेल्या चुनखडीच्या गुहांत तर भलेभले पट्टीचे बुडी मारणारे मेले. शेक एक्सली याने अशा मृत्यूंच्या हकीकती एकाशेजारी एक मांडल्या आणि १९७९ साली एक लहानसे पुस्तक लिहिले. बहुतेक हकीकतींत त्याला त्याच त्या उणिवा दिसल्या : तोंडापर्यंत अखंड दोरी नव्हती, परतीपुरती हवा राखलेली नव्हती, खोली झेपणारी नव्हती. हवेचा एक तृतीयांश भाग जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक अवचित प्रसंगासाठी, हा नियम त्याने मुळाशी धरला. एक्सली स्वतः १९९४ मध्ये मेक्सिकोतील एका अथांग डोहात गेला. नियमांनी कुणाला अमरपट्टा मिळत नाही. पण गुहेत शिरणारे आजही ती तिसऱ्या हिश्श्याची हवा राखूनच शिरतात.

२००८ साली अमेरिकेत ९४७ हौशी बुडी मारणाऱ्यांच्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक मृत्यूच्या चार पायऱ्या पाडल्या होत्या : आरंभ कशाने झाला, त्यातून घातक काय घडले, इजा कोणती झाली, आणि शेवट. जेथे आरंभ सापडला तेथे शंभरांत एक्केचाळीस वेळा तो हवा संपत येणे हा होता. बुडणे ही या शिडीची शेवटची पायरी. आपले पंचनामे तेथूनच सुरू होतात आणि तेथेच संपतात.

आपल्याकडे स्कूबा आले ते कोकणात. आमच्याकडची मंडळीही आता सुटीत मालवणला जातात. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघे दगावले. समुद्राच्या तळाशी सारे सुरळीत पार पडले होते. घात झाला तो किनाऱ्याच्या वाटेवर. बुडी ही किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत मोजावी, हे यातून उघड होते.

आता पुन्हा आमच्या धरणांकडे येतो. येथला पोरगा पाठीला डबा बांधून विहिरीत पोहणे शिकतो. विहिरीला चहूबाजूंनी काठ असतो आणि तो हाकेच्या अंतरावर असतो. धरणाचे तसे नाही. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते गावच डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. कचेरी घोडेगावला आहे. त्या पाण्याखाली बांध आहेत, भिंती आहेत, जुन्या नदीची दरड आहे. कालव्याला आवर्तन सुटले की पातळी उतरते. माघात जेथे कमरेएवढे पाणी होते तेथे वैशाखात गाळ असतो, आणि कमरेएवढे पाणी दरडीच्या तोंडाशी सरकलेले असते. पट्टीचा पोहणारा तेथे फसतो यात नवल नाही.

हा अंदाज कुणालाच नसतो असे मात्र नाही. ज्यांची शेते या जलाशयात गेली, त्या महादेव कोळी वस्त्यांतील काही जण आता त्याच पाण्यावर मासे धरतात. आपल्याच बुडालेल्या वावराचा बांध कोठे तुटतो ते त्यांना ठाऊक असते. दुर्घटना झाली की अशाच माणसांना बोलावणे जाते, प्रेत काढून देण्यासाठी. ते काढून देतात, ओल्या अंगाने काठावर बसतात. आणि येथे दरड किती हातांवर आहे, हे त्यांना विचारून पंचनाम्यात लिहिण्यासाठी रकाना नसतो.