पाण्यातलं कॅल्शियम पॉलिमरला कसं चिकटतं? कॉम्प्युटर सिम्युलेशन काय दाखवतं आणि कुठे चुकतं

बोअरवेलचं क्षारयुक्त पाणी तापवलं की गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. कारखान्यांच्या कूलिंग टॉवरमध्ये असा थर धरू नये म्हणून पाण्यात पॉलिअ‍ॅक्रिलेट हा पॉलिमर थोड्या प्रमाणात घालतात. पण पाण्यात कॅल्शियम फार झालं, तर हा पॉलिमर स्वतःच त्याच्यासोबत साका होऊन खाली बसतो. पाण्यात एकेक आयन हे कसं घडवतो, ते सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञ कॉम्प्युटर सिम्युलेशनचा आधार घेतात.

विद्युतभारित पॉलिमर म्हणजे काय?

पॉलिमर म्हणजे छोट्या घटकांची लांब साखळी. पॉलिअ‍ॅक्रिलेटच्या प्रत्येक घटकावर एक कार्बोक्झिलेट गट असतो आणि त्यावर ऋण विद्युतभार असतो. डायपरमधली पाणी शोषणारी पावडर याच कुळातली. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून शुद्ध पाण्यात ही साखळी ताणलेली राहते. सोडियमच्या आयनावर +१ भार असतो, कॅल्शियमच्या आयनावर +२. त्यामुळे कॅल्शियमचा एकच आयन दोन गटांना धरून ठेवू शकतो आणि साखळी आखडते.

साखळीवर भारांची दाटी असेल, तर विरुद्ध भाराचे काही आयन तिच्याभोवती अडकून राहतात, हे जेराल्ड मॅनिंग यांनी १९६९ मध्ये गणिताने मांडलं. मात्र त्या गणितात पाणी हे एकसंध माध्यम मानलेलं आहे. कोणता आयन कोणत्या गटाला कसा चिकटतो, हे त्यातून कळत नाही.

सिम्युलेशन कसं करतात?

एका काल्पनिक डब्यात पॉलिमरची साखळी, आयन आणि पाण्याचे हजारो रेणू ठेवतात. प्रत्येक अणूवर किती बल आहे ते मोजून त्याला किंचित पुढे सरकवतात, मग पुन्हा मोजतात. एक पाऊल साधारण २ फेम्टोसेकंदांचं असतं. म्हणजे सेकंदाच्या फक्त दहा लाखाव्या भागाचं चित्र पाहायलाही ५० कोटी पावलं लागतात.

अडचण कुठे येते?

पहिली अडचण भाराची. खऱ्या पाण्यात आयन जवळ आला की शेजारच्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन थोडे सरकतात आणि आयनाचा जोर कमी होतो. साध्या मॉडेलमध्ये भार अणूवर कायमचे ठरलेले असतात. परिणामी कॅल्शियम प्रत्यक्षापेक्षा घट्ट चिकटतं आणि स्क्रीनवर नसलेल्या गुठळ्या दिसू लागतात. यावर एक उपाय म्हणजे आयनांचा भार ०.७५ पट करणं, म्हणजे कॅल्शियमला +२ ऐवजी +१.५ देणं. इलेक्ट्रॉनचं सरकणं धरणारी मॉडेल्सही आहेत, पण ती बरीच संथ चालतात.

दुसरी अडचण वेळेची. पॉलिमरला थेट चिकटण्याआधी आयनाला भोवतीचं पाणी सोडावं लागतं. कॅल्शियमभोवतीचा पाण्याचा रेणू नॅनोसेकंदाच्या आतच बदलतो. मॅग्नेशियमला मात्र त्यासाठी मायक्रोसेकंद लागतात. छोट्या सिम्युलेशनमध्ये मॅग्नेशियम आपलं पाणी एकदाही सोडत नाही. मग सुरुवातीला आयन जिथे ठेवला, तिथेच तो शेवटी सापडतो आणि त्यालाच निष्कर्ष समजण्याचा धोका असतो. म्हणून आयनाला मुद्दाम वेगवेगळ्या अंतरांवर नेऊन प्रत्येक ठिकाणी लागणारी ऊर्जा मोजतात.

विश्वास कधी ठेवायचा?

उत्तर प्रयोगाशी जुळलं तर. न्यूट्रॉनच्या साहाय्याने आयन आणि ऑक्सिजन यांच्यातलं अंतर मोजता येतं. उष्णता मोजणाऱ्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट दिसली आहे: कॅल्शियम पॉलिअ‍ॅक्रिलेटला चिकटताना उष्णता बाहेर पडत नाही, उलट शोषली जाते. तरीही ते चिकटतं, कारण दोघांना बिलगलेले पाण्याचे रेणू सुटून मोकळे होतात. म्हणजे इथे नुसत्या विद्युत आकर्षणापेक्षा पाण्याची सुटका महत्त्वाची ठरते.

चांगल्या मॉडेलमधून ही गोष्टही निघायला हवी. तसं झालं, तरच कोणती साखळी किती कॅल्शियम सोसेल, याचा त्याने दिलेला अंदाज कूलिंग टॉवरच्या पाण्यात उपयोगी पडतो.