जात्याचा दुसरा हात

'सेल्फ-केअर' या शब्दाला मराठीत काय म्हणावं? 'स्वतःची काळजी घेणे' म्हटलं की आई डोक्याला मफलर गुंडाळून देतेय असं वाटतं. 'आत्मसंगोपन' म्हटलं तर बालवाडीचा अभ्यासक्रम! पण शब्द नसला तरी सल्ल्यांची कमतरता नाही. विशेषतः स्वतःचा छोटा व्यवसाय करणारे, त्यातही काहीतरी नवं घडवणारे लोक (डिझायनर, फोटोग्राफर, लेखक, दोन-तीन जणांची सॉफ्टवेअर कंपनी चालवणारे आमच्यासारखे) यांच्या वाट्याला हे सल्ले भरपूर येतात. पहाटे पाचला उठा, डायरी लिहा, ध्यान करा, दोन लीटर पाणी प्या, फोन बाजूला ठेवा. सगळे सल्ले चांगलेच आहेत. पण यादी नीट वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. यातलं प्रत्येक काम एकट्याने करायचं आहे.

मला ही यादी वाचताना हटकून जनाबाई आठवते. माझं आजोळ गंगाखेडकडचं, म्हणून असेल. तर मंडळी, या वीकांताला जनाबाईबद्दल.

गंगाखेड हे परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. परभणी-परळी रेल्वेने गेलात तर गोदावरीचा पूल ओलांडला की आलंच. आमच्याकडे गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही, नुसतं 'गंगा' म्हणतात. गावाच्या नावातली गंगा ती हीच. इथे जनाबाईचं देऊळ आहे, तिच्या नावाचं कॉलेज आहे. परंपरा सांगते की जनाबाई इथली, आईबाप विठ्ठलाचे भक्त, जातीने शूद्र मानलेले. लहानपणीच ती पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आली. दामाशेटी म्हणजे नामदेवांचे वडील. घर शिंप्याचं. गंगाखेड ते पंढरपूर सरळ रेषेत मोजलं तरी दोनशे किलोमीटर. ते अंतर कापून आलेली ही मुलगी पुढे जन्मभर त्या घरची दासी राहिली. नामदेव 1270 ते 1350 मधले, आणि परंपरेप्रमाणे जनाबाईनेही त्यांच्याबरोबरच, शके 1272 मध्ये म्हणजे 1350 साली देह ठेवला. आज तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग मिळतात, ते नामदेवांच्या गाथेत छापलेले असतात. बहुतेक अभंगांखाली तिची सही एकच, आपण नामदेवाची दासी आहोत अशी.

आता जनाबाईबद्दल हल्ली एक लाडकं विधान ऐकू येतं. "बघा, ती दळता दळता काव्य करायची. वेळ नाही म्हणणं ही सबब आहे." म्हणजे जनाबाई ही मल्टिटास्किंगची आद्य देवता! मला हे विधान अजिबात पटत नाही. दासीचं काम संपतच नसे. दळण, कांडण, सडा-सारवण, केर भरणं, पाणी भरणं, धुणं, शेण गोळा करून गोवऱ्या थापणं. वेळेचं नियोजन ही तिच्या हातातली गोष्टच नव्हती. तिला 'उत्पादक सकाळ' नव्हती, पहाटेचं दळण होतं. तिच्या गरजेला आपण तिचं तंत्र समजायचं, ही जरा जास्तच सोयीची समजूत झाली.

मग तिच्याकडून शिकण्यासारखं काही आहे का? आहे, पण ते दुसरीकडे आहे.

जनाबाईचे अभंग एका बैठकीत वाचा. (खरंच वाचा, एका दुपारचं काम आहे.) देव तिच्याकडे कशासाठी येतो ते मोजा. दर्शन द्यायला, वर द्यायला, विश्वरूप दाखवायला? क्वचित. बहुतेक वेळा तो येतो कामाला. तिच्याबरोबर जात्याचा खुंटा धरतो. ती झाडते तेव्हा हा केर भरून डोक्यावरून नेऊन टाकतो. पाणी भरतो, कांडतो, शेण वेचायला जातो. आणि माझ्या मते सगळ्यात विलक्षण म्हणजे, तो तिला न्हाऊ घालतो आणि तिच्या केसांतल्या उवा काढतो. पंढरीचा राणा! संतकवितेत देवाकडे मागणारे पुष्कळ आहेत, पण देवाला इतक्या साध्या, हाताला घाण लागणाऱ्या कामाला लावणारं दुसरं कोणी मला तरी आठवत नाही.

भाविक माणूस हे वाचून देवाची थोरवी सांगेल, ती त्याच्या जागी बरोबर आहे. मी मात्र इतिहासाच्या अंगाने वाचतो तेव्हा दुसरं दिसतं. थकलेल्या बाईच्या कल्पनेत सुख कसं दिसत होतं, त्याची ही नोंद आहे. तिच्या कल्पनेतलं सुख म्हणजे काम नसणं नव्हे. सिंहासनावर बसून पंख्याचा वारा घेणं तर नव्हेच. कोणीतरी येऊन समोर बसावं, खुंट्याला हात लावावा, 'तू पाणी आण, मी केर काढतो' म्हणावं, आणि संध्याकाळी केस विंचरून द्यावेत. बस्स. आणि त्या भरल्या घरात हे करायला देवालाच यावं लागलं, यातच त्या घरातली तिची जागा कळते.

यातलं जातं नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ते फक्त हॉटेलच्या सजावटीत पाहिलंय. दोन दगडी तळ्या, वरच्या तळीला लाकडी खुंटा, मधल्या तोंडात मूठमूठ धान्य सोडायचं (त्याला वैरण म्हणतात). एकटी बाईही दळू शकते, पण जड जातं असेल तर समोरासमोर दोघी बसतात आणि एकाच खुंट्यावर दोघींचे हात असतात. एकीची ओढ संपते तिथे दुसरीची सुरू होते. जातं थांबत नाही आणि कोणा एकीचा खांदाही भरून येत नाही. आणखी एक गोष्ट. रोज दळून दळून दगड गुळगुळीत होतो, मग पीठ भरड पडतं. तेव्हा टाकी लावणाऱ्याला बोलावून दगडाला पुन्हा टाके घालून घ्यावे लागतात. तेवढा वेळ जातं बंद. दगडालासुद्धा सुट्टी लागते, आणि टाकी त्याला स्वतःची स्वतःला लावून घेता येत नाही :)

ही जोडीने दळायची पद्धत ओव्यांतही उतरली आहे. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये बायकांच्या ओव्या जमवल्या. पुढे 1980च्या दशकापासून पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 'पारी' या संकेतस्थळाने 2017 पासून त्या ध्वनिमुद्रणांसह लोकांपुढे आणल्या. त्यात आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. ऐकताना जाणवतं, की ओवी हवेत सोडलेली नसते. ती कोणाला तरी उद्देशून असते. बाई, सखे, बंधू, माउली, विठ्ठल. सासरचा जाच, माहेरची वाट, भावाचं कौतुक, सगळं सांगायला समोर कोणीतरी आहे. पहाटेच्या अंधारात, पुरुष झोपलेले असताना, दोन बायका एकमेकींना हे सांगत होत्या. आजच्या भाषेत काय म्हणायचं ते म्हणा. थेरपी म्हणा, को-फाउंडरची वीकली मीटिंग म्हणा.

इथे गळा काढायचा मोह आवरतो. जात्याचा काळ फार सुंदर होता असं मी म्हणणार नाही. पिठाची गिरणी आली आणि गावोगावच्या बायकांचे पहाटेचे कष्ट वाचले. चांगलंच झालं. जिने रोज दळलंय ती कधीही 'ते दिवस परत यावेत' म्हणणार नाही. पण कष्टांबरोबर ओवीही गेली, हेही खरं. ओझं गेलं आणि त्याबरोबर समोरची बाईही गेली. यंत्राने काम वाचवलं की त्यातली सोबत आपोआप परत मिळत नाही, ती वेगळी मिळवावी लागते. लॅपटॉप घेऊन घरून एकट्याने कंपनी चालवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

सोबतीची अजून एक तऱ्हा जनाबाईच्याच नावावरच्या एका अभंगात आहे. त्यात कोणाचे अभंग कोण लिहून घेत असे याची यादी येते. सावता माळ्याचे काशिबा गुरव, चोखामेळ्याचे अनंतभट्ट, अशी. आणि जनीचे? खुद्द पांडुरंग. यादी ऐतिहासिक किती आणि श्रद्धेची किती हा वाद अभ्यासकांवर सोडू. पण तिच्यामागची समजूत मला फार आवडते. अभंग करणारा एक आणि लिहून ठेवणारा दुसरा. निर्मिती म्हणजे एकट्या प्रतिभावंताने रात्र जागवणं, ही कल्पनाच तिथे नाही.

आता विश्रांतीकडे येऊ. जनाबाईच्या मदतीला देव आला. ज्यांच्या मदतीला तो आला नाही त्यांनी काय केलं? एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या गिरण्यांकडे बघा (या कापडाच्या, पिठाच्या नव्हेत). कामगारांना आठवड्याची ठरलेली सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा घेतल्या, हजारो कामगारांच्या सह्या जमवल्या, वर्षानुवर्षं मागणी लावून धरली. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. मी हे लेख वीकांताला लिहितो आणि तुम्ही चहा घेत वाचता, त्या रविवारमागे ही लढाई आहे. आणि त्यात एकाही कामगाराने 'मी उद्यापासून स्वतःला वेळ देणार' असा एकट्याने संकल्प सोडलेला नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलं तेव्हाच सुट्टी मिळाली, आणि सगळ्यांना एकाच दिवशी मिळाली म्हणूनच टिकली.

'बर्नआउट' हा शब्द आज ज्या अर्थाने आपण वापरतो तो 1974 च्या सुमारास न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी रूढ केला. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक आणि मायकेल लायटर यांनी माणूस कामाने का जळून जातो याची सहा अंगं सांगितली. कामाचं ओझं, आपल्या कामावरचा आपला ताबा, मोबदला आणि कौतुक, सोबतची माणसं, न्याय, मूल्यं. नीट बघा, यातलं एकही अंग असं नाही जे फक्त पहाटे पाचला उठून दुरुस्त होईल. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही बर्नआउटला आजार न म्हणता कामाच्या जागेशी जोडलेली अवस्था म्हटलं. जनाबाईच्या अभंगांतली तक्रार आणि ही यादी यांत सहाशे-सातशे वर्षांचं अंतर आहे, पण दोन्ही बोट एकाच जागी ठेवतात.

माझी एक मैत्रीण छोटा डिझाईन स्टुडिओ चालवते. चित्रं तीच काढायची, बिलंही तीच पाठवायची, थकलेल्या पैशांसाठी फोनही तीच करायची. झोप उडाली तेव्हा सगळ्यांनी तिला वर सांगितलेली यादी दिली. ती म्हणाली, "अरे, माझ्या यादीत आधीच चाळीस कामं आहेत. त्यात 'ताण कमी करणे' हे एक्केचाळिसावं!" शेवटी तिने दोन गोष्टी केल्या. ओळखीच्या दुसऱ्या एका स्टुडिओबरोबर मिळून हिशेबाला अर्धवेळ माणूस ठेवला. आणि दोघींनी आपापल्या क्लायंटना एकाच मजकुराची मेल पाठवली, की शनिवार-रविवार उत्तर मिळणार नाही, अगदीच आग लागली तर दुसरीला फोन करा. दोन क्लायंट कुरकुरले, एक गेलाही. ती फुकटात बरी झाली नाही, हे मुद्दाम सांगतो. महिन्याचा खर्च वाढला. पण रात्री नऊनंतर ती पुन्हा चित्रं काढायला लागली, स्वतःसाठी.

म्हणून मला वाटतं, 'मी स्वतःची काळजी कशी घेऊ' हा प्रश्न थोडा फिरवून विचारावा. माझ्या खुंट्याला दुसरा हात कोणाचा आहे? आणि मी कोणाच्या खुंट्याला हात लावतोय? दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा, कारण जनाबाईच्या अभंगांत आपण सगळे स्वतःला जनीच्या जागी बसवतो, विठ्ठलाच्या जागी कोणी बसत नाही. तुमच्या घरात, ऑफिसात, पगारपत्रकावर अशी एखादी जनी असेलच. तिचं दळण चाललेलं तुम्हाला ऐकू येत असतं, ऐकू येईनासं झालेलं असतं एवढंच.

पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं म्हणून एक जातं दाखवतात. लोक भक्तिभावाने त्याच्या खुंट्याला हात लावून पुढे जातात. सातशे वर्षं उशिरा का होईना, हात लागतोय. आपापल्या घरी मात्र एवढा उशीर करायचं कारण नाही.

असो. रविवार आहे. लॅपटॉप मिटा आता.