एकाच बातमीचा दिवसभर मारा: चिडचिड, झोप, रक्तदाब आणि घरात करण्यासारखे उपाय

दिवसभर टीव्हीवर एकच बातमी चालू आहे. तेच चित्रण, तेच लाल पट्टे, तोच आरडाओरडा. पाहून वैताग येतो, पण रिमोट खाली ठेववत नाही. बाबा चिडून स्क्रीनशी भांडतात, आई रात्री दोनदा उठते आणि सकाळी रक्तदाब नेहमीपेक्षा वर दिसतो. ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना वाटते की आपलाच स्वभाव बिघडला. तसे नसते. हा शरीराचा अपेक्षित प्रतिसाद आहे. तो का होतो, कोणाला जास्त जपावे लागते आणि घरात काय बदलता येते, याची माहिती पुढे दिली आहे.

असे प्रसंग कोणते?

सर्वांच्या आठवणीतले उदाहरण २०२० चे आहे. १४ जून २०२० रोजी अभिनेते सुशांतसिंह राजपूत यांचा वांद्र्याच्या घरी मृत्यू झाला. त्यानंतर अनेक महिने बऱ्याच वृत्तवाहिन्यांवर दुसरा विषय क्वचितच दिसला. टाळेबंदी होती, माणसे घरात होती, करोनाची भीती होती आणि समोर हाच विषय. मृतदेहाची छायाचित्रे फिरू लागल्यावर ती पसरवू नका, असे आवाहन महाराष्ट्र सायबर विभागाला त्याच दिवशी करावे लागले. ऑगस्टमध्ये प्रेस कौन्सिलने माध्यमांना समांतर खटला चालवू नये असे सांगितले. १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या वार्तांकनावर कठोर ताशेरे ओढले आणि आत्महत्येच्या बातम्यांबाबतची प्रेस कौन्सिलची मार्गदर्शक तत्त्वे वाहिन्यांनीही पाळावीत, असे बजावले. सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला तो थेट मार्च २०२५ मध्ये. म्हणजे २०२० मध्ये रोज आठ तास पाहणाऱ्याला आणि अजिबात न पाहणाऱ्याला खात्रीची माहिती जवळपास सारखीच मिळाली. झोप मात्र एकाचीच गेली.

पनवेलकरांना याची दोन वेगळी रूपेही माहीत आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवण्यात आले. पनवेलमधल्या अनेकांसाठी ती लांबची बातमी नव्हती. तो डोंगर ओळखीचा होता, पाऊस खिडकीबाहेर तोच पडत होता. दुसरा प्रसंग एप्रिल २०२४ चा. वांद्र्यात अभिनेते सलमान खान यांच्या घराबाहेर गोळीबार झाला आणि आरोपी पनवेल परिसरात भाड्याने राहत होते, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर ‘पनवेल’ हा शब्द पडद्यावर सतत झळकू लागला. आपल्या गावाचे नाव असे वारंवार दिसले की धोका आपल्या गल्लीत आल्यासारखा वाटतो. खरा धोका मात्र तेवढा वाढलेला नसतो.

शरीरात काय होते?

धोक्याचे दृश्य दिसले की मेंदू ते प्रत्यक्ष आहे की पडद्यावर, याचा हिशेब नंतर करतो. आधी अॅड्रिनॅलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसॉल स्रवते, नाडी जलद होते, स्नायू ताणले जातात. एकदा पाहिले तर काही वेळात सारे शांत होते. पण तीच दहा सेकंदांची फीत दर पाच मिनिटांनी दाखवली तर शांत व्हायला उसंतच मिळत नाही. त्यात बातमी अर्धवट असते. ‘थोड्याच वेळात मोठा खुलासा’ म्हटले की मन अडकून पडते. खुलासा येत नाही, आला तर किरकोळ असतो, तरी पुढच्याची वाट पाहिली जाते. कंटाळा येऊनही हात वाहिनी बदलत नाही तो यामुळे. यात तुमच्या इच्छाशक्तीचा दोष थोडा आणि मांडणीचा जास्त. प्रेक्षकसंख्येवर जाहिराती ठरतात. टीआरपीचे आकडे फुगवल्याच्या आरोपांनंतर ऑक्टोबर २०२० मध्ये वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवले गेले, ते मार्च २०२२ पर्यंत बंदच होते. यावरून या आकड्यांचे महत्त्व लक्षात यावे.

या विषयावरचा एक अभ्यास अमेरिकेतला आहे. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटानंतरच्या आठवड्यात ज्यांनी त्यासंबंधीच्या बातम्या रोज सहा तास किंवा अधिक पाहिल्या, त्यांच्यात तीव्र ताणाची लक्षणे प्रत्यक्ष स्फोटस्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. मुळात घाबरट माणसे बातम्या जास्त पाहतात, हेही यामागचे एक कारण असू शकते. त्यामुळे बातम्यांमुळेच सारे झाले, असा अर्थ काढू नये. पण भीतीने बातम्या आणि बातम्यांनी भीती, असे चक्र सुरू होते, हे मात्र रुग्णांमध्ये नेहमी दिसते. करोनाच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनेही दिवसातून एकदा-दोनदा, ठरलेल्या वेळीच बातम्या पाहण्याचा सल्ला दिला होता.

रक्तदाबाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट

घरी यंत्रावर रक्तदाब मोजताना समोर चर्चासत्र चालू असेल तर आकडा हमखास चुकतो. बोलताना, चिडलेले असताना वरचा रक्तदाब सहज दहा अंकांनी किंवा जास्त वाढू शकतो. असे आकडे वहीत लिहून आणले की डॉक्टर गोळी वाढवण्याची शक्यता असते, आणि टीव्ही बंद असलेल्या दिवशी त्याच गोळीने चक्कर येते. म्हणून मोजण्याआधी टीव्ही बंद करा, लघवीला जाऊन या, खुर्चीला पाठ टेकवून आणि पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसा. अर्धा तास आधी चहा नको. मोजताना कोणी बोलायचे नाही. या पद्धतीनेही आकडा सतत १३५/८५ च्या वर येत असेल तर तो गांभीर्याने घ्या.

तीव्र रागाच्या झटक्यानंतर साधारण दोन तास हृदयविकाराचा धोका वाढतो, असे अभ्यासांत दिसले आहे. निरोगी माणसात ही वाढ प्रत्यक्षात फार छोटी असते, त्यामुळे घाबरून जाऊ नका. अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्यांनी मात्र रात्रीच्या वादावादीच्या कार्यक्रमांपासून लांब राहिलेलेच बरे. आणि बातम्या पाहताना वैताग आला म्हणून रक्तदाबाची जादा गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका.

कोणाला जास्त जपावे?

एकटे राहणारे किंवा दिवसभर घरी असणारे ज्येष्ठ. मुले-सुना सकाळच्या हार्बर लोकलने निघून गेली की टीव्ही हीच सोबत होते. ती काढून घेतली तर पोकळी उरते, म्हणून नुसते ‘बंद करा’ म्हणून भागत नाही.

स्मृतिभ्रंशाचा रुग्ण घरी असेल तर वृत्तवाहिनी शक्यतो लावूच नका. पडद्यावरची माणसे घरात शिरली आहेत, बाहेर दंगल चालू आहे, असे त्यांना खरेच वाटू शकते. संध्याकाळी अशा रुग्णांची अस्वस्थता वाढते, आणि नेमके तेव्हाच टीव्हीवरचे आवाज चढलेले असतात. जुनी गाणी किंवा कीर्तन लावून पाहा. औषध न वाढवता फरक पडतो का, ते आधी बघावे.

लहान मुलांना पुन्हा दाखवलेली फीत ही तीच जुनी घटना आहे, हे कळत नाही. प्रत्येक वेळी नवी दरड कोसळली, नवीन माणसे मेली, असे त्यांना वाटते. त्यांना एका वाक्यात खरे सांगा: ‘हे एकदाच झाले, ते परत परत दाखवत आहेत.’

नैराश्य असलेल्या व्यक्तीसमोर, किंवा ज्या घरात आत्महत्या घडली आहे तिथे, आत्महत्येची सविस्तर चित्रणे चालू ठेवू नका. प्रसिद्ध व्यक्तीच्या आत्महत्येच्या वार्तांकनानंतर आत्महत्यांचे प्रमाण वाढते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसून आले आहे. सुमारे १३ टक्के इतकी ती वाढ होती. याउलट, संकटातून मदत घेऊन बाहेर आलेल्या माणसांच्या गोष्टींनी आधार मिळतो. म्हणून विषय टाळू नका, फक्त टीव्ही बंद करून बोला. ‘मनात मरणाचे विचार येतात का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार रुजत नाही. उलट अनेकांना मोकळे वाटते.

घरात काय करता येईल?

रिमोट हिसकावू नका. त्याने टीव्हीचे भांडण तुमचे होते. आधी विचारा, ‘बाबा, यातली कोणती गोष्ट तुम्हाला सतावते?’ बहुतेकदा उत्तर बातमीबद्दल नसते. मुलगा रात्री उशिरा येतो, डोंगराखाली बहीण राहते, अशी भीती असते. तिला उत्तर द्या: पोहोचल्यावर मुलाने फोन करायचा, बहिणीशी आज बोलायचे.

मग वेळ ठरवा. सकाळी वर्तमानपत्र आणि संध्याकाळी एक बातमीपत्र, बस. आकाशवाणी किंवा सह्याद्रीवरचे ठरावीक वेळेत संपणारे बातमीपत्र यासाठी चांगले, कारण ते संपते. संपणे हाच त्यातला औषधी गुण आहे. झोपण्याआधी एक तास बातम्या नकोत, मोबाइलवरही नकोत. सेट टॉप बॉक्सवर वृत्तवाहिन्या आवडत्यांच्या यादीतून काढल्या किंवा लॉक केल्या तर सवयीने लागणारी वाहिनी लागत नाही. रिकाम्या झालेल्या तासाला काहीतरी द्या: वडाळे तलावाकडे फेरी, शेजाऱ्यांशी पत्ते, नातवाचा अभ्यास.

पावसाळ्यात बातम्या पूर्ण बंद करणे योग्य नाही. गाढी नदीला पूर येऊ शकतो, घाटात दरडी कोसळतात. पण त्यासाठी हवामान खात्याचा पिवळा, नारंगी की लाल इशारा आहे एवढे पाहा आणि महापालिका व जिल्हा प्रशासनाच्या सूचना वाचा. पाच मिनिटे पुरतात. दूरच्या स्टुडिओतल्या चर्चेतून तुमच्या सोसायटीत पाणी शिरणार का, हे कळत नाही.

वार्तांकन खरोखर आक्षेपार्ह वाटले तर स्क्रीनवर ओरडण्यापेक्षा लेखी तक्रार करा. २०२१ च्या नियमांनुसार आधी वाहिनीकडे, समाधान न झाल्यास वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे आणि त्यानंतर केंद्र सरकारकडे, अशा तीन पायऱ्या आहेत. कार्यक्रमाचे नाव, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. काही तरी केले, या भावनेनेही राग उतरतो. (दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात वृत्तवाहिनी चालू असेल तर बदलायला सांगा. तपासणीआधीच रक्तदाब वाढवून घेण्यात कोणाचा फायदा?)

डॉक्टरांकडे कधी जावे?

टीव्ही कमी करूनही दोन आठवड्यांनंतर झोप लागत नसेल, तीच दृश्ये डोळ्यांसमोर येत असतील, छातीत धडधड होत असेल, घराबाहेर पडायची भीती वाटत असेल किंवा चिडचिडीने घरातले संबंध बिघडत असतील तर आपल्या डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड, रक्तातील साखर, काही औषधे आणि दारू यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात, म्हणून सगळा दोष बातम्यांवर टाकून तपासणी टाळू नका. ज्यांनी स्वतः अपघात, पूर किंवा दरड अनुभवली आहे त्यांनी दोन आठवडेही थांबू नये.

मनावरच्या ताणासाठी टेली-मानस या सरकारी सेवेला १४४१६ वर दिवसा-रात्री केव्हाही मोफत फोन करता येतो, मराठीतूनही बोलता येते. जीव संपवण्याचे विचार येत असतील तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नका, लगेच याच क्रमांकावर किंवा ११२ वर फोन करा. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, बोलताना जीभ अडखळणे, तोंड वाकडे होणे यांपैकी काही झाले तर ‘बातम्या बघून झाले असेल’ असे म्हणत थांबू नका. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.